अर्ध्या पिळाचं कडं

हॉलमध्ये खुर्च्या शंभर आणि माणसं अडीचशे. ज्यांना खुर्ची मिळाली ती पुढे, ज्यांना नाही ती भिंतीला टेकून, आणि ज्यांना भिंतही मिळाली नाही ती जिन्यात. खाली टायरचं गोदाम, त्यामुळे हॉलला कायम रबराचा वास. पण त्या दिवसांत आम्हाला तो वाससुद्धा मंगल वाटायला लागला होता, यावरून आमची अवस्था ओळखा.

स्टेजवर कडेवाले बाबा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात मांजरपाटाची पट्टी, चार बोटं रुंद आणि दीड मीटर लांब. दुसऱ्या हातात स्टेपलर. बाबाच्या हातात स्टेपलर कसा, असं कुणाच्याही मनात आलं नाही.

"मी काही करत नाही," बाबा म्हणायचे. "मी कोण करणारा? मी नुसता विचारतो. सांगतं ते कापड. माणूस खोटं बोलेल. आरसा खोटं बोलेल, डाव्याचं उजवं करेल. पण कापडानं आजवर कुणाला फसवलंय?"

तीस वर्षं शिवणकाम करून मला पक्कं माहीत होतं की कापडाइतकं फसवं काही नसतं. पहिल्या धुण्यात आटतं, दुसऱ्यात रंग सोडतं, दुकानात एक दिसतं आणि उन्हात भलतंच. तरी मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

एके दिवशी आधी बेकरीवाले दोघे भाऊ स्टेजवर गेले. वाटणी करावी की एकत्र राहावं, हा त्यांचा प्रश्न.

"डोळे मिटा," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी मिटा. आपापल्या घराचं दार समोर आणा. दिसलं? आत जा. कोण कोण बसलंय बघा."

अडीचशे माणसं डोळे मिटून आपापल्या घरात शिरली. टक्, टक्, स्टेपलर दोनदा वाजला.

"उघडा."

पट्टीची टोकं जुळून तिचं कडं झालं होतं. बाबांनी रुंदीच्या मधोमध कात्रीनं चीर दिली आणि तिथून कापड गोल फाडत नेलं. चर्रर्र. मधून फाडलेल्या कड्याची दोन कडी व्हायला हवीत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खाली पडलं ते एकच कडं, दुप्पट मोठं. बाबांनी ते दोघा भावांभोवती टाकलं.

"फाडूनही फाटत नाही, ते घर," बाबा म्हणाले. मोठ्या भावानं धाकट्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. माझ्या शेजारची बाई रुमाल शोधायला लागली.

मग औषधाच्या दुकानातला म्हातारा. त्याच्या पट्टीची दोन कडी निघाली, पण साखळीसारखी एकमेकांत अडकलेली. "तुम्हाला कुणीतरी धरून ठेवलंय," बाबा म्हणाले. म्हाताऱ्यानं मागे वळून आपल्या जावयाकडे पाहिलं. जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं.

हा चमत्कार मी नुसता पाहिला असता तर गोष्ट वेगळी. त्या पट्ट्या माझ्या होत्या. दर आठवड्याला मी मांजरपाट आणायची, काठापासून सरळ फाडून गठ्ठा बांधायची आणि तो स्वतः बाबांच्या हातात द्यायची. "माईंच्या हातचं कापड खरं बोलतं," असं ते एकदा स्टेजवरून म्हणाले होते. त्यानंतर चार दिवस माझे पाय जमिनीला लागले नव्हते.

आता घरातलं सांगते. मुलगा छापखान्यात, सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. नात आठ वर्षांची, तिसरीत. लहानपणापासून शिलाई मशीनखाली दोऱ्याच्या रिळासारखी गोल गोल फिरत राहायची म्हणून मी तिचं नाव बॉबिन ठेवलं, आणि तेच पडलं. सुनेला दुकानापर्यंत दोन बस बदलाव्या लागायच्या. तिनं दुकानाजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. "आई, तुम्हीही चला," असं ती म्हणाली होती. मी तेवढं ऐकलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं, की मुलगा जाणार.

म्हणून मी सगळ्यांना घेऊन बाबांकडे गेले. जिन्यात रांगेला पाणी द्यायला बाबांच्या एक ताई असायच्या, फार गोड बाई. "काकू, चेहरा का उतरलाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. खोल्यांचं सांगितलं, दोन बसचं सांगितलं, सून कशी आतल्या गाठीची आहे तेही सांगून टाकलं. ताई पाण्याचा जग घेऊन वर गेल्या.

आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी डोळे मिटायला लावले, टक् टक् केलं, चीर दिली आणि थांबले.

"या घराला निष्पाप हात हवा," ते म्हणाले. "ये बाळ, तू फाड."

बॉबिन ऐटीत पुढे गेली. मांजरपाट सरळ कसा फाडायचा, हे तिला मीच शिकवलेलं. जीभ ओठांत धरून तिनं एका दमात कडं गोल फाडलं. तिच्या डाव्या हातात एक कडं राहिलं, उजव्या हातात दुसरं. दोन्ही सुटी.

बाबांनी तिचे दोन्ही हात वर धरून सगळ्यांना दाखवले.

"माई," बाबा हळूच म्हणाले, "घरातून कुणी जायला निघालंय का?"

मी हात उचलला आणि अडीचशे माणसांसमोर सुनेकडे बोट दाखवलं. "ही."

"आई, घरी बोलू," सून म्हणाली.

"घरी काय बोलायचं? कापडानंच सांगितलं."

त्याच संध्याकाळी ती आपल्या आईकडे गेली. मुलगा छापखान्यातून थेट तिकडे जायला लागला. बॉबिनची शाळा इथली म्हणून ती माझ्याकडे. आठ दिवसांत निवळेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. पाच आठवडे झाले. सून मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन मुलीला भेटायची, मी तिकडे फिरकायची नाही. बॉबिन मशीनखाली यायची थांबली, हे माझ्या लक्षात आलं होतं. मोठी होतेय, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तिच्या वहीत गणिताच्या बाईंची चिठ्ठी आली. भेटून जा, शनिवारी.

या बाईंबद्दल आमच्या गल्लीत फारसं चांगलं बोललं जात नसे. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. शनिवारी शेवटच्या तासाला त्या पोरांना एकही बेरीज न देता गणित शिकवतात म्हणे. पोरं त्या तासाला 'रिकामं गणित' म्हणायची. "पाढे कधी घेणार त्या?" असं मीही दोन-चार जणींसमोर बोलले होते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शिवण कुणी शिकवलं नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले. त्यामुळे शिकवण्याबद्दल मत द्यायला मी कधी मागे नसायची.

"काकू, बॉबिन कात्रीला हात लावत नाही," बाई वर्गाच्या दाराशी म्हणाल्या.

"आमची? ती तर कात्रीशीच खेळत वाढली."

"तेच म्हणते. नकाशा रंगवायला दिला होता. शेजारच्या दोन तुकड्यांना एक रंग द्यायचा नाही, कमीत कमी किती रंगांत भागेल? वर्ग सात-आठ रंग मागत होता. हिनं चारात बसवून दाखवला. त्याआधी म्हटलं, सगळ्यात मोठा आकडा शोधा. तर म्हणते, तुम्ही कोणताही सांगा, मी त्यात एक मिळवीन. अशी मुलगी. आणि गेल्या शनिवारी कागद कापायचा म्हटलं, तर बाकाखाली जाऊन बसली."

"काही म्हणाली?"

"मी कापलं की वेगळं होतं, म्हणाली. घरी काही झालंय का?"

मला सगळं कळलं, आणि मी म्हणाले, "उकाडा फार आहे ना हल्ली." लाज वाटली की माणूस काय बोलेल याचा नेम नाही.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बसा ना आज तासाला. मागे जागा आहे."

मी शेवटच्या बाकावर गुडघे कोंबून बसले. बाईंनी प्रत्येकाला कागदाच्या लांब पट्ट्या वाटल्या.

"बाजू किती?"

"दोन," वर्ग ओरडला.

"या बाजूला एक मुंगी आहे. तिला मागच्या बाजूला जायचंय. पण काठ ओलांडायचा नाही."

"भोक पाडून?"

"भोक नाही."

"पंखवाली मुंगी असेल तर?"

"पंख नाहीत."

"मग तिनं घरी बसावं," एक जाड चष्म्याची मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला. बाईही हसल्या.

"आता एक टोक पालथं करा. अर्धा पीळ द्या. आणि दुसऱ्या टोकाला चिकटवा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "उसवा."

"काय म्हणालात काकू?"

"काही नाही. इलॅस्टिकची टोकं जोडताना असा पीळ पडतो. नवीन पोरींकडून हमखास होतं. चूक असते ती, लगेच उसवायची."

"कधी कापून पाहिलीत?"

"चूक कापून कोण बघतं?"

"आम्ही बघतो," बाई म्हणाल्या, आणि वर्गाकडे वळल्या. "बघतो ना?"

"होऽ."

आधी पोरांनी पेन्सिल घेऊन कागदाच्या मधोमध रेघ ओढायला सुरुवात केली. पेन्सिल उचलायची नाही, निघालो तिथं परत येईपर्यंत थांबायचं नाही. बॉबिन रेघ ओढत गेली, ओढत गेली, आणि परत आली तेव्हा रेघ कागदाच्या दोन्ही अंगांना होती. तिनं कडं फिरवून फिरवून पाहिलं.

"बाई, याला मागची बाजूच नाही."

"मग मुंगी?"

"चालत राहिली की पोचते."

पाच आठवड्यांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

"आता या रेघेवरून कापलं तर काय होईल? आधी सांगायचं, मग कापायचं."

सगळ्यांनी दोन बोटं वर केली. बॉबिननं हात मांडीखाली दाबून घेतले. बाईंनी तिला आग्रह केला नाही. शेजारच्या मुलीनं कापलं. कडं दोन झालंच नाही. एकच लांब, मोठं कडं तिच्या हातात लोंबत राहिलं आणि वर्गात एकच गलका झाला.

बाकावर बसल्या बसल्या मला बेकरीवाले दोघे भाऊ आठवले. त्यांच्याभोवती टाकलेलं कडं दिसलं. मी हजारो इलॅस्टिकं उसवली असतील. तो पीळ माझ्या बोटांना अंधारातही कळतो. आणि माझ्याच फाडलेल्या पट्टीत, माझ्यापासून चार हातांवर, डोळे मिटायला लावून घातलेला पीळ मला दिसला नाही.

"बाई," बॉबिननं विचारलं, "पीळ न देता चिकटवलं तर?"

"मला काय विचारतेस? बघ."

तिनं साधं कडं केलं. मग खूप वेळ कात्रीकडे पाहिलं. मग उचलली. कापलेली कड वेडीवाकडी गेली. दोन कडी निघाली, सुटी. तिनं ती बाजूला ठेवली आणि पीळ दिलेलं कडं कापलं. एक. पुन्हा साधं कापलं. पुन्हा दोन. "दोनदा पालथं केलं तर?" तिनं विचारलं, पण उत्तराला थांबली नाही. त्याची दोन कडी निघाली, एकमेकांत अडकलेली.

मग ती मागे वळली. सगळा वर्ग ओलांडून माझ्याकडे पाहत म्हणाली, "आजी, त्या दिवशी बाबांनी आपल्याला पीळ दिलाच नव्हता."

मी मान डोलावली.

"म्हणजे मी आईला नाही ना तोडलं?"

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटे दिलासे दिले आहेत. त्या वेळी पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं. "नाही बाळा," मी म्हणाले. "मी तोडलं."

तास संपल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, पट्ट्या मी पुरवते हेसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पीळ द्यायचा की नाही, कुणाला किती, हे ते ठरवतात कशावरून?"

मला जिना आठवला. पाण्याचा जग आठवला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेलाच होता. या वेळी पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा. आईला मुलानं सांभाळावं की मुलीनं, असा काहीसा प्रश्न होता. म्हातारी पदराचं टोक चुरगाळत उभी. बाबांनी "डोळे मिटा" म्हटलं आणि मी उभी राहिले.

"आज उघडे ठेवू या, बाबा."

"माई, उघड्या डोळ्यांसमोर कापड बोलत नाही."

"कापड आहे की नवी नवरी?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडं हसू फुटलं.

"मग निदान मला जोडू द्या. कापड माझंच आहे."

"जोड देणं ही साधना आहे, माई. बारा वर्षं लागतात."

"तिसरीच्या वर्गाला पाऊण तास लागला," मी म्हणाले आणि पिशवी उघडली.

रात्रभर जागून वगैरे नाही, सकाळी चहा पिता पिता मी तीन पट्ट्या शिवल्या होत्या. प्रत्येकीची एक बाजू पांढरी, दुसरी लाल. पीळ लपू नये म्हणून. लोकांच्या डोळ्यांदेखत टोकं जोडली. पहिली सरळ, लालला लाल. दुसरीत अर्धा पीळ, लाल येऊन पांढऱ्याला भिडला. तिसरीत पूर्ण पीळ. टाचणी बोटात घुसली. बॉबिन शेजारी उभी होती. गणिताच्या बाई दाराशी होत्या, त्यांना मी बोलू नका म्हणून सांगितलं होतं. हे माझं मलाच निस्तरायचं होतं.

"आधी सांग," मी बॉबिनला म्हटलं.

"ही दोन सुटी. ही एक मोठी. ही दोन, अडकलेली," ती म्हणाली, आणि फाडत गेली. तिन्ही तशीच निघाली. कुणाच्या घराचा विचार न करता.

भिंतीला टेकलेली माणसं कडी बघायला पुढे सरकली.

"या माईंवर कुणाचा तरी प्रभाव पडलाय," बाबा म्हणाले.

"पडलाय," मी म्हणाले. "पण ऐका. पीळ कुणाला किती द्यायचा, हे यांना आम्हीच सांगतो. जिन्यात. पाणी पिता पिता. मी सांगितलं होतं, की सून जायला निघालीय आणि मला ती जायला नकोय. तुम्ही काय काय सांगितलंत, ते आठवा."

पाण्याच्या ताई जिन्याच्या दारातून दिसेनाशा झाल्या. औषधाच्या दुकानातला म्हातारा खाली बघत होता. त्याचा जावई मात्र छताकडे बघत होता, आणि त्याला तो हक्क होता. बेकरीवाल्यांतला धाकटा उठून माझ्याजवळ आला, दोन रंगांचं मोठं कडं हातात घेऊन त्यानं पाहिलं. "म्हणजे आम्हाला आमचंच परत दिलं," तो म्हणाला आणि भावाला घेऊन निघून गेला. म्हातारीचा मुलगा आईला खुर्चीवर बसवून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायला लागला. निदान तिलाच विचारत होता.

सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. "त्यांच्या हाताची गोष्ट वेगळी," असं म्हणणारे निम्मे तरी होते. बाबा पुढच्या आठवड्यात आले नाहीत. कुठल्या तरी दुसऱ्या हॉलमध्ये कापड बोलतच असेल.

मी बॉबिनला घेऊन सुनेच्या आईकडे गेले. विहीणबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. बॉबिन आईच्या मांडीत शिरली आणि कागदाची पट्टी काढून मुंगीची गोष्ट सांगायला लागली. सुनेनं ती पूर्ण ऐकली. मध्येमध्ये प्रश्नही विचारले. मी उभीच होते.

"बसा, आई," शेवटी ती म्हणाली.

मी माफी मागितली. तयार करून नेलेली होती, ती निम्म्यात विसरले. उरलेली कशीबशी सांगितली.

"एक विचारू?" सून म्हणाली. "समजा, त्या दिवशी एकच कडं निघालं असतं. तर मला जाऊ दिलं असतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "म्हटलं असतं, बघ, घर एकच राहणार आहे, कशाला जातेस."

"आणि अडकलेली निघाली असती तर?"

"तर म्हटलं असतं, तुला कुणीतरी भरीस घातलंय."

तिनं मुलीच्या केसांतून हात फिरवला. "मग बाबांनी एकट्यानं काय केलं?"

तो प्रश्न घेऊनच मी घरी परतले.

त्यांनी त्या दोन खोल्या घेतल्या. बॉबिनची शाळा बदलली नाही, ती आईबरोबर बसनं येते आणि सुटली की संध्याकाळपर्यंत माझ्याकडे असते. सून माझ्याशी बोलते, पण मोजून. तिचा तो हक्क आहे आणि घाई करायचा मला नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. कुणी डोळे मिटा म्हणालं तर उघडे ठेवा. हातात काय आहे ते दाखवा म्हणा, आणि घरी येऊन स्वतः करून बघा. दोनदा, तीनदा, पीळ देऊन आणि न देऊन. मुलांचा कागद, कात्री, वेडेवाकडे प्रश्न, यांना रिकामं समजू नका. आणि घरातल्या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्या माणसाला विचारा. मी विचारलं नाही. उत्तर माझं आधीच ठरलेलं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून हवं होतं. त्यापायी एक आठ वर्षांची मुलगी पाच आठवडे स्वतःच्या हातांना घाबरून होती, आणि मी तिला रोज वेणी घालून शाळेत पाठवत होते.